पन्नास फळ्या

पंधरा नंबरची फळी मी सोमवारी उपटून आणली आणि दुकानात भिंतीला टेकवून ठेवली. बुधवारी सकाळी नऊ वाजता तिच्या खालची जागा उकरायची होती. पंधरा नंबरच्या कैद्याची बहीण दोन देश ओलांडून त्याची हाडं घरी न्यायला आली होती, गावच्या समितीने खुर्च्या मांडायचं ठरवलं होतं, आणि त्या जागेत पंधरा नंबर नव्हता. हे फक्त मला माहीत होतं. मला ते सहा वर्षांपासून माहीत होतं.

मी सुतार आहे. बाई कसली सुतार, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपली दारं-खिडक्या खुशाल दुसरीकडून दुरुस्त करून घ्याव्यात. माझे बाबाही सुतार. ते आता नव्वदीला टेकलेत. कंबर गेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यातही तोच यायच्या बेतात. पण सकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीतून दुकानात आणलं नाही तर दिवसभर घुश्शात असतात. रंध्याचा आवाज ऐकून ते बसल्या जागेवरून सांगतात, पातं बोथट झालंय. आणि ते झालेलं असतं.

गावाच्या वरच्या अंगाला, दगडाच्या खाणीशेजारी, युद्धात दोन हिवाळे कैद्यांची छावणी होती. पकडलेले शत्रूचे सैनिक तिथे ठेवत आणि खाणीत राबवत. युद्ध संपलं तशा बराकी मोडल्या आणि लाकूड गावाने वाटून घेतलं. कुणाचं कोंबड्यांचं खुराडं त्यातून झालं, कुणाची माळ्याची शिडी. छावणीबद्दल आमच्याकडे तीन वाक्यांत बोलून होतं: वर कैदी होते, आपण त्यांना जमेल तसं जपलं, काही बिचारे तापाने गेले. चौथं वाक्य कुणी बोलायला लागलं की लोकांना एकदम घरची कामं आठवतात.

चौथं वाक्य बाबांचं होतं. ते तेव्हा अठरा वर्षांचे, छावणीच्या सुताराच्या हाताखाली. पहिला हिवाळा लागायच्या आधी अधिकाऱ्याने त्यांना बोलावलं आणि पन्नास फळ्या करून ठेवायला सांगितल्या, कमरेइतक्या उंच, खालचं टोक निमुळतं, जमिनीत ठोकता येतील अशा. बाबांनी विचारलं, कशासाठी? अधिकारी म्हणाला, हिवाळ्यासाठी. तोवर छावणीत एकही माणूस मेला नव्हता. बाबांनी मुकाट्याने फळ्या केल्या. दुसरा हिवाळा संपेपर्यंत चाळीस लागल्या. उरलेल्या दहा आमच्या दुकानाच्या माळ्यावर आहेत, तशाच कोऱ्या.

तेव्हापासून बाबांनी त्या चाळीस फळ्या सांभाळल्या. त्यांच्यावर नावं नव्हती, नुसते नंबर. नंबरांची नावं कैद्यांच्या देशात कुठल्याशा कचेरीत होती. दर चौथ्या उन्हाळ्यात जमीन कोरडी झाली की बाबा सगळ्या फळ्या उपटायचे. जमिनीतलं बुड कुजू नये म्हणून ते विस्तवावर धरून काळं होईपर्यंत जाळायचे, वर डांबर फासायचे. वरच्या भागावर रंधा मारून नंबर पुन्हा रंगवायचे आणि फळी जागच्या जागी ठोकायचे. पन्नास वर्षं हे चाललं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि बरीच वर्षं कुणी विचारलंही नाही. मी लहानपणी एकदा विचारलं तर म्हणाले, "केल्यात ना मी? मग निस्तरायला नकोत?"

वीस वर्षांपूर्वी वखारीत ओंडका घसरून त्यांच्या कमरेवर आला. ते इस्पितळात असतानाच फळ्यांचं वर्ष उजाडलं. मी आणि माझा नवरा वर गेलो. तो आता नाही. चाळीसही फळ्या उपटल्या आणि रंगवायला सोपं जावं म्हणून नंबरवार रचल्या. चौथ्या दिवशी परत लावल्या. पाच ओळी, ओळीत आठ. पहिली ओळ डावीकडून, एक ते आठ. दुसरी डावीकडून, नऊ ते सोळा. मग तिसरी, चौथी, पाचवी, पाटीवर आकडे लिहितात तशा सगळ्या डावीकडून. इस्पितळात जाऊन बाबांना म्हटलं, झालं काम. त्यांनी माझा हात हातात घेतला. तसं ते कधी करत नसत. मी घरी येताना रस्ताभर खूश होते.

त्यानंतर बाबा वर चढू शकले नाहीत. तिथे जायला नुसती चढाची पायवाट आहे. दर चौथ्या वर्षी मी फळ्या काढत होते आणि होत्या तशाच परत लावत होते.

मग सहा वर्षांपूर्वी मास्तर आपला वर्ग घेऊन दुकानात आले. मास्तर म्हणजे गावच्या शाळेचे, समितीचे अध्यक्षही तेच, सरळ माणूस, फक्त सगळ्यांशी गोड राहायची सवय. बाबा मुलांना सांगत होते, मी मागे एका चौकटीला रंधा मारत होते.

"जमीन गोठलेली," बाबा म्हणाले. "एका खड्ड्याला दोघांना अर्धा दिवस लागायचा. ओळ संपली की पहारी-फावडी घेऊन परत पहिल्या टोकाला कोण जाणार? जिथे आठवा पुरला, त्याच्याच पायाशी नववा. ओळ तिथून वळायची. नांगर शेताच्या कडेला वळतो की नाही, तशी."

माझा रंधा जागीच थांबला. बाबा तिकडून म्हणाले, "काय गं, खिळा लागला का?" मी हो म्हणाले.

म्हणजे दुसरी ओळ उजवीकडून सुरू होत होती. नऊ उजव्या टोकाला, सोळा डाव्या, भिंतीजवळ. मी तिला उलटी लावली होती, आणि चौथीलाही. सोळा माणसांना मी दुसऱ्यांचे नंबर दिले होते. नऊच्या जागी सोळा, दहाच्या जागी पंधरा. दुपारी वर जाऊन मी बोटांनी मोजलं, एकदा नाही, चारदा.

फळ्या गुपचूप बदलता आल्या असत्या. पण मला हे कळायच्या आठ वर्षं आधी दहा नंबरचा मुलगा येऊन दहाच्या फळीखालची हाडं घेऊन गेला होता. तो साठीला आलेला माणूस, बापाला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्या फळीखाली त्याचा बाप नव्हता, पंधरा नंबर होता. आता भिंतीजवळ नुसता खड्डा बुजवल्याची खूण आणि रिकामी फळी. पंधरा दुसऱ्याच्या घरच्या जमिनीत, दुसऱ्याच्या नावाखाली गेला होता. ते परत फिरवता येण्यासारखं नव्हतं.

मी बाबांसाठी गप्प बसले. त्यांच्या आयुष्यात त्या पन्नास फळ्यांच्या समोर ठेवायला ही एकच गोष्ट होती, चाळीस माणसं आपापल्या जागी सांभाळणं. ती मी मातीत घातली हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? हे कारण खरं आहे. आणि मला लाज वाटत होती हेही खरं आहे, आणि दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं.

पंधरा नंबरची बहीण तेव्हा आधीच दरवर्षी येत होती. तिला सगळे पंधरावाल्या बाई म्हणत. भाऊ युद्धावर गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता अठ्ठ्याहत्तर. उन्हाळ्यात आठ दिवस यायची, बेकरीच्या वरची खोली घ्यायची, सकाळी घडीची खुर्ची आणि विणकाम घेऊन वर जायची आणि पंधराच्या फळीजवळ बसून त्याला घरचं सगळं सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, छप्पर कुठे गळतंय, धाकट्या भाच्याने नोकरी कशी घालवली. हे ती बोलायची तिच्या भाषेत. आमची भाषा ती आमच्याशी बोलूनच शिकली, एकेक शब्द निवडून बोलायची.

पहिल्या वर्षी गावाने तिला सांगितलं, ताप आला, दोन दिवसांत गेला, त्रास झाला नाही. ती दुकानात आली आणि बाबांना विचारलं. बाबांनी मला तिला खुर्ची द्यायला सांगितली.

"तापाने नाही गेला," ते म्हणाले. "खाणीत दगड पायावर आला. डावा पाय, गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. कुणी बांधला नाही. एकोणीस दिवस लागले त्याला. उचलला तेव्हा पाय खाली लोंबत होता, तो मी हातात धरला."

मला वाटलं बाई कोसळणार. तिने सगळं ऐकून घेतलं, उठली, बाबांना वाकून नमस्कार करावा तशी मान झुकवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना हातमोजे आणून दिले. मला म्हणाली, "तुझे वडील खोटं बोलत नाहीत. बाकी सगळे माझ्याशी गोड बोलतात."

मला चूक कळल्यानंतरची सहा वर्षं ती माझ्या दुकानावरून वर जायची आणि मी हात करायची.

मंगळवारी दुपारी मी बेकरीचा जिना चढले. बाईंनी पलंगावर पांढरी चादर पसरून ठेवली होती, कोऱ्या कापडाची, कडेला हाताने टीप मारलेली. शेजारी हाडं न्यायची लाकडी पेटी. मला पाहून तिने विणकाम बाजूला ठेवलं. बसायच्या आत मी बोलून टाकलं, नाहीतर मी बसले असते, चहा प्याले असते आणि परत गेले असते.

"बाई, उद्या उकरणार आहात ती पंधराची जागा नाही. फळ्या मी चुकीच्या लावल्या. वीस वर्षं झाली."

तिने मला पुन्हा सांगायला लावलं, सावकाश. मी टेबलावरच्या काड्यापेटीतल्या काड्या मांडून दोन ओळी दाखवल्या, खऱ्या आणि मी लावलेल्या. तिने दहाव्या काडीवर बोट ठेवलं.

"मी जिथे बसते, तिथे हा?"

"हो. दहा."

"आणि माझा भाऊ?"

"दहाच्या फळीखाली होता. त्या माणसाचा मुलगा चौदा वर्षांपूर्वी त्याला घेऊन गेला. आपला बाप समजून."

बाहेर बेकरीवाला पत्र्याचे डबे आपटत होता.

"कसं नेलं त्याने?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"मी विचारते, नेताना कसं नेलं. तू तिथे होतीस ना?"

मी सांगितलं. त्याने अंगातला कोट काढून जमिनीवर अंथरला होता, हाडं स्वतः उचलून ठेवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बसमध्ये सामान वर ठेवा म्हणाले तर ऐकलं नाही, गाठोडं मांडीवर घेऊन बसला. रडत होता, नाक पुसायला हात मोकळा नव्हता त्याचा.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

मला वाटलं होतं ती हे विचारणार नाही. "सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं तू मला ह्याच्याजवळ बसू दिलंस."

तिने काड्या एकेक करून पेटीत भरल्या.

"तुझ्या वडिलांना माहीत आहे?"

"नाही. कळलं तर ते जगायचे नाहीत."

"तू जा आता," ती म्हणाली. मी जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाली, "उद्या नऊला मी येते. उकरायचं."

बुधवारी मास्तरांना भलताच उत्साह. त्यांनी ऐनवेळी ठरवलं की आजोबांनी हजर राहायलाच हवं, आणि चार तगड्या माणसांना लावून बाबांना खुर्चीसकट पायवाटेने वर उचलून नेलं. मी अडवायला काय निमित्त काढू? मी वारा आहे म्हणाले, तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झाले. वीस वर्षांनी ते वर जात होते. नवीन शर्ट घातला होता, दाढी केली होती, हनुवटीखाली थोडी राहिली होती.

खुर्ची दुसऱ्या ओळीपाशी, उजव्या बाजूला ठेवली. दोन माणसांनी खणायला सुरुवात केलेली. जिल्ह्याचा डॉक्टर कागद घेऊन उभा. बाबांनी मान फिरवून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग डाव्या टोकाच्या भिंतीकडे.

"इथे नाही," ते म्हणाले. "पंधरा इकडे नव्हता. तो त्या टोकाला, भिंतीजवळ."

"आजोबा, ती दहाची," मास्तर समजुतीने म्हणाले. "तो मुलगा येऊन गेला ना, ती."

"दहा इथे. पंधरा तिथे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. तासाभराने हाडं लागली. खणणारा खाली उतरून एकेक वर देत होता, डॉक्टर चादरीवर मांडत होता. बाबा खुर्चीत पुढे वाकले होते, एवढे की मला त्यांचा खांदा धरावा लागला.

"डावा पाय दाखव," ते म्हणाले.

डॉक्टरने दाखवला. मांडी, नडगी, सगळं सरळ, कुठे मोड नाही की चीर नाही.

"हा पंधरा नाही," बाबा मोठ्याने म्हणाले. "त्याचा पाय मोडला होता. मी धरला होता तो पाय."

सगळे पंधरावाल्या बाईंकडे बघायला लागले. मी पण. ती चादरीजवळ गुडघ्यांवर बसली होती. तिने माझ्याकडे नजर टाकलीही नाही. ती बाबांकडे बघत होती.

"हाच माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "दात ओळखते मी. आजोबा, तुम्ही त्याला सांभाळलंत. मी आभारी आहे."

डॉक्टरने कागदावर लिहिलं. बाबा मागे टेकले. त्यांचे ओठ हलत होते, पण ते कुणाशी बोलत नव्हते.

बाई दुपारच्या गाडीने निघाली. मी पेटीच्या झाकणाला स्क्रू मारून दिले, तेवढं माझ्या हातात होतं. "ह्याला मी अकरा वर्षं घरचं सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "आता ह्याला टाकून कुठे जाऊ? आणि म्हाताऱ्यासाठी मी ते बोलले. तुझ्यासाठी नाही, हे लक्षात ठेव." तिने माझा हात हातात घेतला नाही. मला तेच बरं वाटलं.

घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "मी इस्पितळात होतो तेव्हा तू ओळ वळवली होतीस ना?"

बाईने एवढं मोठं खोटं माझ्यासमोर बोलून दाखवलं होतं, आता मी खरं बोलून ते वाया घालवू? असं मी स्वतःला बजावलं, आणि म्हणाले, "वळवली होती, बाबा."

"मग तो पाय कुणाचा धरला होता मी?"

मी म्हटलं, फार वर्षं झाली, होतं असं. त्यांनी मान डोलावली. लहान मुलाला समजावल्यावर ते डोलावतं तशी.

त्यानंतर बाबांचं बोलणं बदललं. काहीही सांगितलं की शेवटी विचारायचे, "असंच होतं ना गं?" छावणीची घंटा बराकीच्या कुठल्या बाजूला होती, खाणीत किती जण जायचे, माझी आई त्यांना कुठे भेटली, प्रत्येकाच्या शेवटी तेच. मी हो म्हणायची. पातं बोथट झालंय हे सांगणंही त्यांनी सोडलं. मी मुद्दाम बोथट पात्याने एक अख्खी सकाळ काम केलं. ते ऐकत बसले, बोलले नाहीत.

गावातही पसरलं की सुतारआजोबांचं डोकं आता चालत नाही. समिती छावणीच्या फाटकाशी एक लाकडी फलक लावणार होती. कोरायचं काम माझंच. मास्तर मजकूर घेऊन आले, चार महिन्यांनी. मी वाचला. दोन हिवाळे, खाण, चाळीस मृत, गावाने जपलेल्या फळ्या. माझ्या लक्षात आलं की एक ओळ गेली आहे.

"पन्नास फळ्यांचं कुठाय?" मी विचारलं.

"ताई, ते आजोबांच्या एकट्याच्या सांगण्यावर होतं," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, बाबा तीन हातांवर बसलेले असताना. "दुसरा पुरावा नाही. आणि त्या दिवशी तुम्ही पाहिलंत ना… लोक म्हणतात, त्यांनी ते नंतर मनाने जुळवलं असेल. समितीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की काढावं."

सगळ्यांचं पडणारच. सत्तर वर्षं ती ओळ गावाच्या घशात अडकली होती, आता ती गिळायला निमित्त मिळालं, आणि ते मी दिलं होतं. मास्तर गेल्यावर बाबांनी मला हाक मारली.

"पोरी, त्या पन्नास फळ्या… आधी केल्या होत्या मी? की माणसं मरायला लागल्यावर केल्या?"

"आधी केल्या होत्या, बाबा."

"तू हो म्हणतेस. तू सगळ्यालाच हो म्हणतेस."

मी शिडी लावली आणि माळ्यावरच्या दहा फळ्या खाली काढल्या. धूळ झटकून एक त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, निमुळतं टोक चाचपलं.

"ह्या मी केल्यात?"

"तुम्हीच."

"कशावरून?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. बाबांना मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

मग मी सांगितलं. लाकडाच्या ढिगावर बसले आणि सगळं सांगितलं. ओळ मी वळवली नव्हती. दुसरी आणि चौथी उलटी लागली. दहाचा मुलगा पंधराला घेऊन गेला. पंधरावाल्या बाईंना उकरायच्या आधीच माहीत होतं, त्या तुमच्यासाठी खोटं बोलल्या.

त्यांनी फळी उलटी करून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे पंधरा भिंतीजवळच होता."

"हो, बाबा."

"पाय मोडलेला."

"हो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. क्षणभर त्यांचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला वाटलं, सुटले आपण. मग ते म्हणाले, "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"सहा वर्षं."

"त्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"चार महिने मी माझं डोकं गेलं असं समजत होतो, पोरी."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, त्यावर हात ठेवलाही नाही.

"मास्तरला बोलाव," ते म्हणाले.

मास्तर आले. बाबांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि कागद घ्यायला लावला.

"आधी हे लिही. दुसरी आणि चौथी ओळ उलटी लागली. सोळा जणांच्या फळ्या दुसऱ्यांवर आहेत. दोन घरी चुकीची माणसं गेली. त्या दोन्ही घरांना हिने पत्र लिहायचं, माझी सही मी करीन. मग त्याखाली लिही, पन्नास फळ्या पहिल्या हिवाळ्याच्या आधी करून घेतल्या होत्या, कुणी मेलं नव्हतं तेव्हा. त्या दहा इथे आहेत."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "आजोबा, फळ्यांचं घालतो," ते म्हणाले. "पण ही चूक फलकावर कशाला? घरातली गोष्ट आहे. उगाच ताईंची…"

"ती लिहिली नाहीस तर माझं कोण खरं मानणार? त्या दिवशी सगळ्या गावाने मला वेड्यात काढलं. वरचं असेल तरच खालचं राहील."

मास्तरांनी लिहिलं. मग पेन थांबलं. "ओळी कुणी उलट्या लावल्या तेही घालायचं? 'सुताराच्या मुलीकडून' असं घालू का?"

"मुलगी कशाला?" बाबा म्हणाले. "सुतार लिही. सुतार आहे ती."

अक्षरं मीच पटाशीने कोरली. पन्नास फळ्यांच्या ओळीला एक दिवस लागला, माझ्या ओळीला तीन. फलक पुरा झाला तेव्हा बाबांच्या मांडीवर आडवा ठेवला, कारण त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत. ते बोटाने एकेक अक्षर चाचपत गेले. माझ्या ओळीत 'सुतार'पाशी थांबले आणि परत मागे आले.

"इथे पटाशी घसरली आहे," ते म्हणाले. "नीट कर."

मी पटाशी घेतली आणि पातं आधी धारेच्या दगडावर लावलं.